आत्याला उठवायचं कसं

विचुंबे, पनवेल
१६ जून २०२५

प्रिय भावनाताई,

फोनवर आपण बोलायला लागलो की हवापाण्याच्या गप्पा संपायच्या आत भांडतो आणि मग दोघींपैकी एक फोन आपटते. म्हणून ठरवलं की आता पत्रच लिहायचं. पत्रात निदान तुला मध्येच माझं बोलणं तोडता येत नाही. शिवाय तू पडलीस मास्तरीण, हातानं लिहिलेलं तुला आवडतं. फक्त चुका लाल पेनानं काढून पत्र परत पाठवू नकोस.

परवा भांडताना तू एक वाक्य बोललीस, ते मी धरून बसले आहे. तू म्हणालीस, "आई स्वतःची स्वतः उठून संडासला जायला लागू दे, त्याच दिवशी मी तिला देवरुखला घेऊन येते." रागात बोललीस, पण बोललीस. जानेवारीत अर्धांगाच्या झटक्यानं तुझ्या आईची, माझ्या आत्याची, डावी बाजू गेली, आपण उरणचं घर बंद केलं आणि मी काम करते त्या 'सांजसोबत' वृद्धाश्रमात तिला आणलं, तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की नीट उठवत-चालवत ठेवलं तर ही बाई वॉकर धरून चालेल. मग चालेलच. का नाही चालणार?

ती रोज विचारते, "भावनी कवा येनार?" मी सांगते सुट्टीत. माझी आई गेल्यावर आत्यानं मला चार वर्षं तुझ्याच ताटात जेवायला घातलं, हे तुलाही माहीत आहे. तिला त्या खिडकीशी बसलेली बघून मी आत जाते आणि उगाच चादर नीट करून बाहेर येते. मला तिथे उभंच राहवत नाही.

पण आता चांगली बातमी. तू विचारतेस ना, तुझं तिथे काम तरी काय? मी इथल्या मदतनीस मुला-मुलींना शिकवते. गेल्या आठवड्यात सगळ्यांचं मोठं ट्रेनिंग घेतलं. हॉल, प्रोजेक्टर, पुतळ्यावर प्रात्यक्षिक, मधल्या सुट्टीत बटाटेवडे. विषय एकच: म्हाताऱ्या माणसाला जे जमतं ते त्याचं त्याला करू द्या, घास भरवू नका, उचलून बसवू नका, हाताशी उभे राहा. नाही केलं तर हातपाय उरलेलं कामही विसरतात. शेवटी परीक्षा घेतली, सगळे पास. आमचे नवे व्यवस्थापक कृष्णकांत सर यांना या सगळ्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ पाठवणं बरं वाटतं, त्यांनासुद्धा निकाल बघून मान डोलवावी लागली.

तेव्हा तयारीला लाग. मी तुझी अट पुरी करून दाखवते.

तुझी,
रंजू


देवरुख
२८ जून २०२५

प्रिय रंजू,

पत्र पोचलं. लाल पेन काढलं होतं, परत ठेवलं.

सगळे पास झाले, हे वाचून मला हसू आलं. अगं, आम्ही शिक्षक वर्षातून किती प्रशिक्षणांना जातो माहीत आहे का तुला? मागच्या बाकावर बसतो, चहा घेतो, शेवटी प्रश्नपत्रिकेत साहेबांना हवी ती उत्तरं लिहितो आणि सोमवारी वर्गात जाऊन आदल्या सोमवारसारखंच शिकवतो. तुझ्या मुलींना उत्तरं आली म्हणजे त्यांना काम आलं असं नाही. बटाटेवडे मात्र त्यांच्या लक्षात राहतील.

मी बोलले ते बोलले. मागे घेत नाही. पण रागात बोलले नव्हते, विचार करून बोलले होते. आमच्या घरात न्हाणीघर मागच्या अंगणात आहे. मी आणि महादेव दोघंही सकाळी शिकवायला शाळेत जातो, मुलंही शाळेत. दिवसभर घरात कोणी नाही. आईला स्वतःचं स्वतः करता आलं तरच ती इथे राहू शकते, एवढंच माझं म्हणणं. यात मी वाईट मुलगी कुठे झाले?

तू आईकडे लक्ष दे. आईचं बघणारी ती मदतनीस प्रांजल बरी मुलगी दिसते, आईशी फोन लावून देते, तेव्हा दोन शब्द माझ्याशीही बोलते. आईची वेणी छान घालते म्हणे. तू मात्र आईच्या खोलीत फारशी फिरकत नाहीस असं कळलं. चादर नीट करून निघून जातेस. का गं?

भावना


विचुंबे, पनवेल
१५ जुलै २०२५

प्रिय भावनाताई,

तुझं खरं झालं. घे, लिहून देते. फ्रेम करून लाव.

ट्रेनिंग झाल्यावर मी खुशीत होते, मग एकदा न सांगता जेवणाच्या वेळी पहिल्या मजल्यावर गेले. कमळाकर काका म्हणून खारघरचे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, उजवा हात थरथरतो पण चालतो. आमचा मदतनीस प्रितम त्यांच्या पलंगाशी उभा राहून त्यांना भराभर चमच्यानं भरवत होता. हाच प्रितम परीक्षेत पहिला आला होता. मी म्हटलं, "अरे, आपण काय शिकलो?" तर त्यानं अख्खं उत्तर म्हणून दाखवलं. अगदी बरोबर. मग म्हणाला, "मॅडम, ते हॉलमधलं. इथं ताटं गोळा करायला मावशी येते, त्याच्या आत मला सगळ्यांचं उरकायचं असतं. आणि काकांचा मुलगा रविवारी येतो. काका स्वतः जेवले की शर्टावर वरण सांडतं, ते बघून तो ओरडतो, आम्ही पैसे कशाचे भरतो."

मी घरी आले आणि रागानं स्वयंपाकघराचे सगळे डबे घासले. चूक त्या पोराची नव्हती. मी त्याला पुतळ्यावर शिकवलं. पुतळ्याला मुलगा नसतो, पुतळा वरण सांडत नाही आणि पुतळ्याचं ताट न्यायला कोणी येत नाही.

डबे घासता घासता मला आत्याचीच आठवण आली. आपल्या आगरी लग्नांत आत्या धवळारीण म्हणून मांडवात बसायची, तेव्हा आपण दोघी तिच्या मागे बसायचो. लग्नाची ती धवळ्यांची गाणी तिनं आपल्याला कधी समोर बसवून शिकवली का? ती ओळ म्हणायची, मागच्या बायका उचलायच्या, त्यांच्या मागून आपण. चुकलं की मांडीवर चापट. हळद लागत असायची, पाहुणे येत असायचे, त्या गडबडीतच आपण शिकलो. हॉल भाड्यानं घेऊन धवळे शिकवले असते तर आज एकही ओळ आली नसती.

तेव्हा हॉल बंद. आता मी पलंगाशी उभी राहून शिकवते. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरी नाही. आधी मी करते, मग माझ्या शेजारी उभं राहून तो करतो, मग त्याच्या शेजारी नवीन आलेली मुलगी. ताटं उशिरा गोळा करायला मी स्वयंपाकघराशी भांडले. रविवारी नातेवाइकांना दारातच गाठते आणि वरण का सांडतंय ते समजावते. काही ऐकतात, काही माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की बोलायची सोय नाही. कृष्णकांत सर म्हणतात हे फार वेळखाऊ आहे, गणपतीपर्यंत फरक दिसला नाही तर व्हिडिओच.

आत्या दुसऱ्या मजल्यावर आहे. तो मजला मी सध्या आमच्या सुपरवायझर देवेशकडे सोपवला आहे. मी पहिल्या दिवसापासून आत्याच्याच पलंगाशी उभी राहिले तर सगळे म्हणतील, मॅडमनी घरच्या माणसासाठी हा घाट घातला. म्हणून मी त्या खोलीत कमी जाते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. प्रांजल हुशार आहे, देवेशकडून शिकेल.

तुझी,
रंजू


देवरुख
२ ऑगस्ट २०२५

प्रिय रंजू,

लोक काय म्हणतील म्हणून तू माझ्या आईच्या खोलीत जात नाहीस. वा. छान. दुसऱ्यांच्या बापाला जेवायला शिकवतेस आणि आत्याला एका सुपरवायझरच्या भरवशावर सोडतेस. मी हे पत्र दोनदा फाडलं, हे तिसरं आहे, त्यातला राग बराच गाळलेला आहे असं समज.

दुसरं असं की घाई करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू एकदा मनावर घेतलंस की समोरचं माणूस आहे का खुर्ची, ते बघत नाहीस. आमच्या सासूबाईंचं तू ऐकलंस, पण पाहिलं नाहीस. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय घसरला, खुबा मोडला आणि त्या परत उठल्याच नाहीत. दोन वर्षं मी त्यांचं सगळं काढलं. रोज शाळेत जाताना हाताला वास येतो की काय म्हणून मी हात पुन्हा पुन्हा धुवायची. महादेव अजून त्या खोलीत झोपत नाहीत.

आई पडता कामा नये. चालली नाही तरी चालेल, पण पडता कामा नये. हे तुझ्या देवेशला नीट सांग.

गौरीला येता येणार नाही, इथेच सगळं माझ्यावर आहे. आईला सांग की भावनी गौरीपुढचं ओवशाचं सूप तिच्या नावानं भरणार आहे.

भावना


विचुंबे, पनवेल
२३ ऑगस्ट २०२५

भावनाताई,

आधी चांगलं लिहिते, कारण नंतरचं चांगलं नाही.

कमळाकर काका स्वतःच्या हातानं जेवतात. जाड मुठीचा चमचा दिला, ताटाखाली ओला रुमाल घातला, प्रितम शेजारी बसून स्वतःचा डबा खातो, बस्स. त्यांचा मुलगा आला आणि वरण सांडलेलं बघूनही ओरडला नाही, शेजारी बसून राहिला. दुसऱ्या मजल्यावरही फरक पडला आहे. जिना चढताना मला ऐकू येतं, देवेश ओरडत असतो, "हात मागे, हात मागे, त्यांना उठू दे."

परवा फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. जवळजवळ सगळे होते तिथेच किंवा बरे. एकच पेशंट घसरली आहे. गुणाबाई. माझी आत्या, तुझी आई. पायांतलं बळ जानेवारीपेक्षा कमी. डॉक्टर म्हणाले, "हिला कोणी उठवतच नाही का?"

मी तशीच वर गेले. प्रांजल आत्याला लहान मुलासारखी दोन्ही हातांत उचलून खुर्चीतून पलंगावर ठेवत होती. आत्याचे पाय जमिनीला लागलेच नाहीत. डायपर दिवसभर बांधलेला. खालच्या मजल्यावरच्या बायका वॉकर घेऊन उठतात आणि आत्या राणीसारखी बसलेली. भरवणंही चालू. आणि खोली इतकी स्वच्छ, वेणी इतकी छान, त्यात मोगऱ्याचा गजरा. मी प्रांजलला असं बोलले की शेजारच्या खोलीतल्या आजी डोकावून बघायला लागल्या.

ती रडली नाही लगेच. म्हणाली, "मॅडम, बाकी सगल्यांना मी उठवतंय. विचारा देवेश सरांना. पन ह्या तुमच्या आत्या हायत. तुमची आत्या माज्या हातून परली तं मी तुमाला तोंड कसा दाखवू? आमच्याकरं सासूला कोनी उठ बोलत नाय. तुमच्या माहेरच्या मानसाला मी कशी बोलू?" देवेशलाही हेच. मॅडमची आत्या आहे, तिला जपायचं. त्यानं त्या खोलीत कधी शिकवलंच नाही.

म्हणजे मी लांब राहिले लोकांनी बोलू नये म्हणून, आणि त्यांनी आत्याला बसवून ठेवलं मला वाईट वाटू नये म्हणून. सगळ्या इमारतीत माझं शिकवणं पोचलं, एका पलंगापाशी पोचलं नाही. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच आत्याच्या पायाशी बसले आणि रडले. आत्या म्हणते, "काय झाला गो? कोनी मारला तुना?"

आता शेवटचं. मी खाली जायला निघाले तर प्रांजल मागे आली. तेव्हा मात्र ती रडत होती. म्हणाली, "भावनाताईंनी पन सांगितलाय. फोनवर. आईला उठवायची नाय, परली तं तुज्यावर घेईन. मॅडमला बोलू नको." तिला तू साडी पाठवलीस, गौरीची म्हणून.

भावनाताई, अट तू घातलीस. आई उठली तर नेते म्हणालीस. आणि तूच तिला बसवून ठेवायला सांगतेस. मला यातलं काय समजायचं? मी इथे वेड्यासारखी धावते आहे आणि तुला आई घरी नकोच आहे का? सरळ लिही.

रंजिता


देवरुख
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय रंजू,

गणपती, गौरी, विसर्जन, सगळी निमित्तं संपली. आता लिहायलाच हवं.

हो, मी सांगितलं. साडीही पाठवली. पहिल्यांदा फोन केला तो जूनमध्येच, तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी. तू लिहिलं होतंस, अट पुरी करून दाखवते. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला धस्स झालं.

आई पडेल ही भीती खरी आहे. रात्री सासूबाईंची किंकाळी ऐकू येते अजून. पण एवढंच असतं तर मी तुला लिहिलं असतं, प्रांजलला गुपचूप सांगितलं नसतं. आई घरी येईल, याचीही मला भीती वाटते. दोन्ही खरं आहे. अट घातली तेव्हा मला वाटलं होतं, आई काही आता उठायची नाही. माझ्या तोंडून "नाही नेत" हे शब्द निघणार नाहीत, आणि तिचं तिलाच जमलं नाही असं होईल. हे मी कागदावर लिहिते आहे आणि माझा हात मला परका वाटतो आहे.

मी तिच्यावर प्रेम करत नाही असं समजू नकोस. मी थकले आहे, रंजू. सासूबाईंच्या दोन वर्षांत मी आतून कडवट झाले. त्यांच्यावर मी ओरडले आहे. आईवर तशी ओरडले तर मी कुठे जाऊ?

प्रांजलला बोलू नकोस. तिनं माझं ऐकलं, त्यात तिचा काय दोष. आईला काही सांगू नकोस. तुला माझा राग आला असेल तर ये, पण फोन करू नकोस.

भावना


विचुंबे, पनवेल
२७ सप्टेंबर २०२५

प्रिय भावनाताई,

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मला तुझा राग आला. तिसऱ्या दिवशी तुझी दया आली, आणि ती तुला आवडणार नाही म्हणून मी पुन्हा रागावले. आता दोन्ही नाही. नुसती तगमग आहे, तिला काही नाव नाही.

आईला सांगू नकोस म्हणालीस. मी सांगितलं. भांड हवं तर. का सांगितलं ते ऐक.

तुझ्या पत्राआधीच मी प्रांजलबरोबर आत्याच्या खोलीत उभी राहायला लागले होते. कमरेला पट्टा, पायात रबरी तळाच्या चपला, वॉकर पुढ्यात, सगळं शिकवलं तसं. पण आत्याच उठेना. म्हणाली, "मी काय नवी सून हाय उठबस करायला? सुना-पोरींनी कराचा, मी बसाचा. एवरी वर्सं केला ना मी." रुसली, चहा घेईना. मी हताश. मग माझ्या डोक्यात आलं की आपण मदतनीसांना शिकवलं, देवेशला, स्वयंपाकघराला, रविवारच्या मुलांना शिकवलं. जिला उठायचं आहे तिलाच कोणी काही सांगितलं नाही. तिला वाटत होतं की ही पोरगी आपली सेवा टाळते आहे आणि मी तिला टाळायला शिकवते आहे.

म्हणून मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पायांत बळ कसं राहतं ते. आणि तुझी अट. फोनचं नाही सांगितलं, साडीचं नाही सांगितलं, फक्त अट. ती भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी जेवली नाही. मला वाटलं मी माणूस मोडलं.

सकाळी प्रांजलला म्हणाली, "पट्टा आन."

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. गेल्या आठवड्यात आत्या पडली. थांब, पुढे वाच. पलंगापासून दारापर्यंत गेली होती, डावा गुडघा एकदम दुमडला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. प्रांजलनं तिचा दंड धरून ओढलं नाही. सगळे तेच करतात, आणि त्यानंच खांदा निखळतो. तिनं पट्टा धरला, एक पाय पुढे घेतला, आत्याला स्वतःच्या मांडीवरून घसरवत हळूच जमिनीवर बसवली आणि आपणही शेजारी बसली. आत्या हसायला लागली. म्हणाली, "परली मी. बघ, परली तं एवराच होतं." ओरखडासुद्धा नाही.

कृष्णकांत सर धावत आले, हे आता बंद करा म्हणाले. मी प्रांजलला म्हटलं, सरांना दाखव काय केलंस ते. तिनं सरांच्या कमरेला पट्टा बांधला आणि सरांना त्यांच्या इस्त्रीच्या पॅंटसकट जमिनीवर बसवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या आज्या बघत होत्या. व्हिडिओचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

आत्या आता स्वतःची स्वतः जाते. प्रांजल मागे चालते, हात लावत नाही. तुझी अट पुरी झाली, भावनाताई. पण मला ज्या आनंदानं हे लिहायचं होतं तो आनंद होत नाही. तू यायचं म्हणालीस तर ये, नाही म्हणालीस तर तसं लिही. मी आता तुला काही सांगणार नाही. आत्याला तुला पत्र लिहायचं आहे, ते प्रांजल लिहून देणार आहे. मी ते वाचणार नाही.

तुझी,
रंजू


सांजसोबत, विचुंबे
१ ऑक्टोबर २०२५

भावनी,

मी बोलतंय न् प्रांजल लिवते. तिला सांगितलाय का माजा एक शबूद बदलायाचा नाय.

मी बरी हाय. संडासला माजी मी जातंय. पयल्या दिशी गेली तवा दार लावून घेतला न् आत बसून रडली. कवापासून मी दार लावला नव्हता. बाईमानसाला दार लावाला भेटला पायजे, बाकी काय नको.

रंजीनी तुजी अट सांगितली. पयला लय वाईट वाटला. मंग मी इचार केला का भावनीनी तिच्या सासूचा केलाय, मी बघितलाय, तुजा तोंड कसा उतरला होता तवा. तुज्यावर माजा राग नाय. मी तुला शिव्या देवाला पत्र लिवत नाय.

पन एक गोष्ट माज्या डोस्क्यातून जात नाय. आज मी उठतंय. उद्याचा कोनी बघितलाय? थंडीत माजा पाय धरतो. कवातरी एक दिस असा येनार का मना उठता येनार नाय. तवा तू काय करशील? परत इथं आनून सोरशील? ह्या मना लिवून पाठव. सोरीन लिवलास तरी मी रागवायची नाय, माज्या गल्याशपथ. पन मना म्हाईत पायजे. रोज सकालला उठून आज मी पास का नापास, असा बघत मी तुज्या घरान रवायची नाय. त्यापरीस हिथं बरी हाय.

तुज्या पोरांना आशीर्वाद. जावयांना सांग मी आठवन काढली.

तुजी आय


देवरुख
८ ऑक्टोबर २०२५

आई,

तुझं पत्र शाळेत मिळालं. मुलांना शुद्धलेखन घालून मी ते वाचलं आणि मुलांचं लिहून झालं तरी मी खालीच बघत होते.

"नाही सोडणार" असं मी लगेच लिहिलं होतं. मग तो कागद फाडला. तू विचारलंस ते खरं उत्तर मिळावं म्हणून, आणि मी तुझं समाधान करायला लिहीत होते. सासूबाईंच्या वेळीही मी असंच बोलले होते, सगळं करीन म्हणून. करता येत काहीच नव्हतं. त्यांना दंडाला धरून ओढायची. त्या ओरडायच्या, माझी कंबर धरायची आणि मी त्यांच्यावर रागवायची की तुम्ही इतक्या जड कशा. मला कोणी दाखवलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. आपल्याच घरातल्या माणसाला कसं उठवायचं, हे काय शिकायचं असतं, असं वाटायचं. तुला घरी आणायची मला भीती होती ती याची. तुझी नव्हती.

महादेवना तुझं पत्र दाखवलं. ते मागे अंगणात जाऊन बराच वेळ न्हाणीघराच्या उंबऱ्याकडे बघत बसले. मग आत येऊन म्हणाले, "हा काढून टाकूया."

आई, मी प्रांजलला तुला उठवू नकोस असं सांगितलं होतं. रंजूनं तुला हे सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते. तुझे दोन महिने मी बसवून घालवले.

तू विचारलंस त्याचं उत्तर असं आहे. ज्या दिवशी तुला उठता येणार नाही, त्या दिवशी मी तुला उठवीन. पण आज मला ते येत नाही. दिवाळीची सुट्टी लागली की मी पनवेलला येते. तुला न्यायला नाही. रंजूला विचार, तिच्या शिकवणीत मला घेते का. पट्टा कसा बांधायचा, तू पडायला लागलीस तर तुला खाली कसं टेकवायचं, हात कधी मागे ठेवायचे, सगळं मी प्रांजलच्या शेजारी उभी राहून शिकेन. चुकले तर तुम्ही दोघी मला बोला.

प्रांजल म्हणाली की मला आलं, तर मग तू ठरव माझ्या घरी यायचं की नाही.

तुझी,
भावनी